सेंटओएस ७ गेलं, सायंटिफिक लिनक्स गेलं, आता लॅबच्या मशीनवर काय टाकायचं?

३० जून २०२४ ला सेंटओएस ७ आणि सायंटिफिक लिनक्स ७ या रेड हॅट कंपनीच्या लिनक्सवरून बनलेल्या दोन फुकट डिस्ट्रोंचे (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांचे) अपडेट एकाच दिवशी बंद झाले, तरी आजही कुठल्याही इन्स्टिट्यूटच्या सर्व्हर रूममध्ये डोकावलंत तर एखादं तरी मशीन त्याच्यावर निवांत घरघरत असतं. चालतंय ना, मग कशाला हात लावायचा, असं सगळ्यांचं म्हणणं असतं, आणि रिसर्चवाल्यांपुरतं ते इतकं चूकही नाही, थीसिस जमा होईपर्यंत आकडे बदलू नयेत एवढीच त्यांची इच्छा असते. पण आता हात न लावताही गोष्टी बंद पडायला लागल्यात. व्हीएस कोडचंच घ्या, मार्च २०२५ च्या १.९९ व्हर्जनपासून त्याचा रिमोट सर्व्हर जीलिबसी या सिस्टिमच्या मूळ सी लायब्ररीच्या २.२८ व्हर्जनखाली चालत नाही आणि सेंटओएस ७ वर जीलिबसी आहे २.१७, म्हणजे विद्यार्थ्याचा लॅपटॉप रात्री आपोआप अपडेट झाला की सकाळी तो क्लस्टरला कनेक्टच होत नाही आणि फोन तुम्हाला येतो. पायथनचं पण तेच, बरीच पॅकेजेस आता तयार व्हील (बिल्ड न करता टाकता येणाऱ्या फाइली) जीलिबसी २.२८ धरूनच बनवतात, जुन्या मशीनवर पिप इन्स्टॉल केलं की ते सोर्समधून बिल्ड करायला जातं आणि जुन्या जीसीसी ४.८.५ कंपाइलरवर डोकं आपटून घेतं.

हे सगळं मी लिहितोय ते छोटं क्लस्टर किंवा चार-पाच वर्कस्टेशन सांभाळणाऱ्या माणसासाठी. मोठ्या सेंटरमध्ये यासाठी टीम असते, आपल्याकडे बहुतेक वेळा एखादा पीएचडीचा मुलगा किंवा मुलगी असते जिच्या गळ्यात हे पडलेलं असतं.

उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईत असणाऱ्यांनी खालचं फक्त चाळलं तरी चालेल. क्लस्टर असेल तर अल्मालिनक्स ९ किंवा रॉकी लिनक्स ९. एकट्याचं डेस्कटॉप, त्यात एक ग्राफिक्स कार्ड आणि काम सगळं पायथनमध्ये, तर उबुंटू एलटीएस (लांब सपोर्टवालं व्हर्जन) किंवा डेबियन. आणि यातलं काहीही टाकलं तरी सायन्सचं सॉफ्टवेअर डिस्ट्रोच्या पॅकेजमधून टाकायचं नाही, ते वर वेगळ्या थरात ठेवायचं. माझ्या मते हा तिसरा मुद्दा पहिल्या दोघांपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण तो एकदा नीट केलात की डिस्ट्रो कुठली हा प्रश्न अर्धा विरघळून जातो.

हे सगळं झालं कसं, थोडक्यात

सायंटिफिक लिनक्स २००४ मध्ये आलं, अमेरिकेतली फर्मीलॅब आणि युरोपातली सर्न या पार्टिकल फिजिक्सच्या प्रयोगशाळांनी मिळून, रेड हॅटचा सोर्स घेऊन फुकट रीबिल्ड करायचा या कल्पनेवर. पुढे सर्नने ७ च्या वेळेला सेंटओएस धरलं आणि फर्मीलॅबने एप्रिल २०१९ मध्ये सांगून टाकलं की सायंटिफिक लिनक्स ८ काढणार नाही, आम्हीही सेंटओएस ८ वर जाणार. सगळे निर्धास्त. सेंटओएस ८ आलं सप्टेंबर २०१९ मध्ये, लोकांना वाटलं २०२९ पर्यंत बघायला नको, आणि ८ डिसेंबर २०२० ला रेड हॅटने जाहीर केलं की सेंटओएस ८ फक्त २०२१ च्या शेवटापर्यंत. म्हणजे जे लोक शहाण्यासारखे लवकर ८ वर गेले तेच आधी अडकले आणि जे आळशी ७ वर बसून राहिले ते २०२४ पर्यंत मजेत होते, लिनक्समध्ये कधीकधी आळसाला असा न्याय मिळतो.

त्यातून दोन वारस निघाले. क्लाउडलिनक्स कंपनीने सुरू केलेलं अल्मालिनक्स मार्च २०२१ मध्ये, आणि सेंटओएसच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी ग्रेगरी कुर्टझरने सुरू केलेलं रॉकी लिनक्स जून २०२१ मध्ये. हा कुर्टझर म्हणजे सिंग्युलॅरिटी (कंटेनर चालवणारं) आणि वेअरवुल्फ (क्लस्टरचे नोड उभे करणारं) या सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे एचपीसी म्हणजे सुपरकॉम्प्युटिंगवाल्यांना रॉकीबद्दल जवळीक वाटते. मग जून २०२३ मध्ये रेड हॅटने सोर्स देण्याची पद्धत बदलली, सार्वजनिकरीत्या फक्त सेंटओएस स्ट्रीमचा (रेड हॅटच्या पुढच्या बदलांची आगाऊ आवृत्ती) सोर्स मिळणार असं ठरलं. रॉकीने दुसऱ्या वाटांनी सोर्स मिळवून हुबेहूब कॉपी चालू ठेवली, अल्माने हुबेहूबचा हट्ट सोडला आणि बायनरी सुसंगतता एवढंच ध्येय ठेवलं, म्हणजे रेड हॅटसाठी बनलेला प्रोग्रॅम चालला पाहिजे, पण बग-सकट नक्कल नाही.

आधी वही घ्या, मग आयएसओ डाउनलोड करा

डिस्ट्रो तुम्ही निवडत नाही, तुमच्याकडे जे आहे ते निवडतं. म्हणून बसून लिहून काढा की कुठल्या गोष्टी अशा आहेत ज्या तुमच्या हातात नाहीत.

सगळ्यात आधी विकत घेतलेलं सॉफ्टवेअर. ॲन्सिस, अबॅकस, मॅटलॅब, चिप डिझाइनवाली मंडळी असतील तर कॅडेन्स, सिनॉप्सिस, यांच्या प्रत्येक व्हर्जनची सपोर्टेड प्लॅटफॉर्मची यादी असते, ती त्यांच्या साइटवरून काढा, आणि तुम्ही जे व्हर्जन वापरता त्याची काढा, नव्याची नाही, कारण लायसन्स २०२० चं असेल तर यादीही तेव्हाचीच लागू. इथे रेड हॅटचं कुटुंब जवळजवळ नेहमी असतं, उबुंटू बरेचदा असतं, डेबियन क्वचित. यादीत नसलेल्या डिस्ट्रोवरही ते चालतं बहुतेक, पण बिघडलं की सपोर्टवाले पहिल्या ईमेललाच हात वर करतात.

मग तुमचं काम कुणाबरोबर चालतं ते. पार्टिकल फिजिक्स असेल तर फार विचार करायचं कारण नाही, सर्न आणि फर्मीलॅबने डिसेंबर २०२२ मध्ये एकत्र जाहीर करून अल्मालिनक्स धरलं, एक्सपेरिमेंटची सगळी सॉफ्टवेअर रिलीज ईएल९ साठी, म्हणजे रेड हॅट ९ च्या कुटुंबासाठी, सीव्हीएमएफएस या सॉफ्टवेअर वाटणाऱ्या नेटवर्क फाइल सिस्टिमवर तयार मिळतात, आणि आपल्याकडे टीआयएफआरचं सर्नच्या सीएमएस प्रयोगासाठीचं टिअर-२ (दुसऱ्या पातळीचं) सेंटर किंवा कोलकात्याच्या व्हीईसीसीचं ॲलिस प्रयोगासाठीचं सेंटर याच कॉम्प्युटिंग ग्रिडचा भाग आहेत. रेडिओ ॲस्ट्रॉनॉमी असेल, खोडदच्या जीएमआरटीचा डेटा कासा या रेडिओ डेटाच्या सॉफ्टवेअरमध्ये रिड्यूस करायचा असेल, तर कासाची टीम लिनक्समध्ये मुख्यतः रेड हॅट कुटुंबावर टेस्ट करते हे लक्षात ठेवा. उबुंटूवर कासा चालतं, हजारो लोक चालवतात, पण प्लॉटची खिडकीच उघडत नाही टाइपच्या तक्रारी तिकडूनच जास्त येतात. नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या एखाद्या परम मशीनवर जॉब टाकत असाल तर तिथल्या लॉगिन नोडवर ईटीसी फोल्डरमधली ओएस-रिलीज फाइल उघडून बघा आणि शक्यतो आपलं छोटं क्लस्टर त्याच कुटुंबात ठेवा, नाहीतर इथे कंपाइल झालेलं तिथे चालत नाही आणि दोन्हीकडे दोनदा डोकेफोड.

तिसरं हार्डवेअर, आणि इथे लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून जरा थांबतो.

प्रोसेसर किती जुना आहे ते बघा. रेड हॅट ९ आणि त्याच्या भावंडांना एक्स८६-६४-व्ही२ पातळीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे इंटेलमध्ये साधारण नेहालेम, २००९ च्या आसपासचा, हे बहुतेकांकडे असतंच. पण १० ला व्ही३ लागतो, म्हणजे एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या जलद गणिती सूचना) वाला, म्हणजे हॅसवेल, २०१३ नंतरचा. आपल्याकडच्या लॅबमध्ये झिऑन ई५-२६०० व्ही२ वाले सर्व्हर अजून ढिगाने आहेत, नावात व्ही२ असलं तरी ते आयव्ही ब्रिज आहेत, त्यात एव्हीएक्स२ नाही, १० त्यावर बूटच होणार नाही. ई५-२६०० व्ही३ असेल तर चालेल. खात्री करायला एलएससीपीयू कमांड मारा आणि फ्लॅग्जच्या ओळीत एव्हीएक्स२ शोधा. अल्माने १० चं एक वेगळं व्ही२ बिल्ड काढलंय अशा जुन्या मशीनसाठी, रॉकी १० मध्ये ती सोय नाही, पण बाहेरच्या कंपनीने व्ही३ साठी बनवलेलं आरपीएम पॅकेज त्या व्ही२ बिल्डवर चालेल याची हमी नाही, त्यामुळे जुन्या मशीनवर सरळ ९ टाकणंच बरं.

आरएआयडी कार्ड आणि एचबीए, म्हणजे डिस्क जोडायची कार्डं. रेड हॅटने ८ मध्ये आणि पुढे जुन्या कार्डांचे बरेच ड्रायव्हर कर्नलमधून काढून टाकले. इन्स्टॉलर सुरू होतो, सगळं छान, आणि डिस्क निवडायच्या पानावर डिस्कच नाहीत. त्याआधीच जुन्या मशीनवर एलएसपीसीआय डॅश एनएन मारून कार्डाचा आयडी टिपून ठेवा आणि ईएलरेपो या ड्रायव्हर पुरवणाऱ्या रेपोच्या यादीत शोधा, त्यांचा ड्रायव्हर असेल तर इन्स्टॉल करताना ड्रायव्हर डिस्क देता येते. अल्माने यातले काही काढलेले ड्रायव्हर परत चालू केलेत, जुनं लोखंड भरपूर असेल तर अल्माच्या बाजूने हा खरा मुद्दा आहे, बाकी अल्मा की रॉकी हा वाद मला बराचसा चहाच्या टपरीवरचा वाटतो.

ग्राफिक्स कार्ड. के४०, के८० ही केप्लरवाली कार्डं असतील तर त्यांच्यासाठी एनव्हिडियाची ४७० ही शेवटची ड्रायव्हर शाखा, कुडा (एनव्हिडियाचं कार्डावर गणित करायचं सॉफ्टवेअर) १२ त्यांना ओळखतही नाही. ती कार्डं नव्या डिस्ट्रोवर ओढत नेण्यात अर्थ नाही, मोडीत काढा किंवा जुन्या मशीनवरच मरू द्या. पी१०० आणि व्ही१०० अजून कामाची आहेत पण कुडा १३ ने त्यांनाही सोडलंय, त्यामुळे ड्रायव्हर ५८० शाखेवर आणि कुडा १२ वर अडकवून ठेवायचा, आपोआप अपडेट होऊ द्यायचा नाही.

आणि इन्फिनीबँड, लस्टर, बीजीएफएस, म्हणजे क्लस्टरचं जलद नेटवर्क आणि सामायिक स्टोरेज. यांचे कर्नल मॉड्यूल ठराविक कर्नलसाठीच बनतात. इथे उलटं चालायचं, आधी लस्टरच्या तुमच्या व्हर्जनचा तक्ता बघायचा, त्यात ९.४ लिहिलंय की ९.६ ते बघायचं, आणि मग तेवढंच टाकायचं. अडचण अशी की अल्मा आणि रॉकी दोन्हीकडे नवीन पॉइंट रिलीज आलं की जुन्याचे फुकटचे अपडेट थांबतात, म्हणजे कर्नल अडकवून ठेवला की सिक्युरिटी पॅचही अडकतात. मोठ्या स्टोरेजवाल्यांनी त्यासाठीच रेड हॅटचं पैसे देऊन मिळणारं वाढीव सपोर्ट घ्यायचा विचार करावा, किंवा निदान ते मशीन बाहेरच्या नेटवर्कपासून दूर ठेवावं.

आता पर्याय, पटापट

अल्मा की रॉकी. टेक्निकली इतका कमी फरक आहे की तुमच्या शेजारच्या डिपार्टमेंटकडे जे आहे ते घ्या, रात्री अकराला विचारायला माणूस मिळेल. सर्नशी संबंध असेल किंवा जुनं हार्डवेअर असेल तर अल्मा. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या यादीत रॉकीचं नाव स्पष्ट लिहिलेलं असेल तर रॉकी. नंतर विचार बदलला तर एका स्क्रिप्टने यातून त्यात जाता येतं, लग्न नाही हे.

खुद्द रेड हॅट. वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शनवर १६ मशीनपर्यंत फुकट मिळतं, पण ते एका माणसाच्या नावावर असतं, तो माणूस पोस्टडॉकला जर्मनीला गेला की लॅबचं काय, म्हणून लॅबसाठी मला पटत नाही. ग्रँटमध्ये पैसे असतील तर ॲकॅडमिक भावात घ्या, काही वाईट नाही.

सेंटओएस स्ट्रीम. लोक उगाच शिव्या देतात, वर्कस्टेशनला ठीक आहे, पण त्यात बदल रेड हॅटच्या आधी येतात त्यामुळे बाहेरचे कर्नल मॉड्यूल सारखे मोडतात, आणि आयुष्य साधारण पाच वर्षं. लस्टर किंवा इन्फिनीबँड असेल तर विसरा.

ओरॅकल लिनक्स फुकट आहे, चांगलं चालतं, ॲकॅडमिकमध्ये फार कुणी वापरत नाही, अडलात तर एकटे असाल. ओपनसुसे लीपचं पण भारतात साधारण तेच, युरोपात वेगळी गोष्ट. फेडोराचं एक व्हर्जन साधारण तेरा महिने चालतं, लॅपटॉपवर खुशाल टाका, क्लस्टरवर नको. आर्चवाल्यांना सांगून उपयोग नसतो.

उबुंटू एलटीएस. मशीन लर्निंगवाल्यांची सगळी ट्युटोरियल यावरच असतात आणि नवीन विद्यार्थ्याला दुसरं काही येत नसतं, हा मोठा फायदा आहे, हसून सोडून देण्यासारखा नाही. पाच वर्षं अपडेट, प्रो घेतलं तर दहा, वैयक्तिक वापराला पाच मशीनपर्यंत प्रो फुकट. पण लॅबमध्ये टाकताना दोन गोष्टी लगेच करा. आपोआप होणारे अपडेट एनव्हिडियाच्या पॅकेजेससाठी एपीटी-मार्क होल्ड करून थांबवा, नाहीतर चार दिवसांचं ट्रेनिंग चालू असताना लायब्ररी बदलते, कर्नलमधला ड्रायव्हर जुनाच राहतो आणि एनव्हिडिया-एसएमआय "ड्रायव्हर लायब्ररी व्हर्जन मिसमॅच" म्हणत बसतं, मग रीबूटशिवाय इलाज नाही. दुसरं म्हणजे स्नॅप (उबुंटूची पॅकेजेसची वेगळी पद्धत), लोकांची होम डिरेक्टरी एनएफएसवर (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर) किंवा स्लॅश होमच्या बाहेर कुठे असेल तर बरेचदा फायरफॉक्सच उघडत नाही, स्नॅपला त्या जागा सेटिंगमध्ये सांगाव्या लागतात किंवा मोझिलाचं डेब पॅकेज टाकावं लागतं.

डेबियन. १३ म्हणजे ट्रिक्सी ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, तीन वर्षं अधिक दोन वर्षं एलटीएस. सायन्स-फिजिक्स, सायन्स-केमिस्ट्री अशी तयार गठ्ठा पॅकेजेस आहेत, एका कमांडमध्ये शिकवण्यासाठीची कॉम्प्युटर लॅब उभी राहते. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला फोरट्रान, ऑक्टेव्ह, जीएनयूप्लॉट एवढंच लागत असेल तर यापेक्षा शांत काही नाही.

८, ९ की १०

रेड हॅट कुटुंबात ८ ला २०२९ पर्यंत सिक्युरिटी अपडेट आहेत, ९ ला २०३२, १० ला २०३५. नव्याने ८ टाकण्याचं कारण एकच, विकत घेतलेलं सॉफ्टवेअर ९ वर चालत नाही. जीलिबसी ८ मध्ये २.२८, म्हणजे वर म्हटलेली व्हीएस कोडची सीमारेषा जेमतेम ओलांडते, ९ मध्ये २.३४ आणि १० मध्ये २.३९. ओपनएचपीसी (क्लस्टरच्या सॉफ्टवेअरचा तयार गठ्ठा) वापरून क्लस्टर उभं करणार असाल तर त्याची ३ शाखा ईएल९ वर आहे, तोही ९ च्या बाजूने मुद्दा. १० मध्ये स्क्रीनवर खिडक्या दाखवणारा एक्सऑर्ग सर्व्हर काढून टाकलाय, फक्त त्याचा वारस वेलँड, आणि रेड हॅटने ३२-बिट लायब्रऱ्याही काढल्यात, म्हणजे वीस वर्षांपूर्वीची एखादी बायनरी-ओन्ली गोष्ट चालवत असाल तर तिथेच संपलं. अगदी नवं सर्व्हर घेतलंय आणि ९ ला त्याचं नेटवर्क कार्ड ओळखता येत नाही तेव्हा १०.

सायन्सचा थर वेगळा ठेवा

सिस्टिमचा पायथन सिस्टिमसाठी असतो, ९ मध्ये तो ३.९ आहे आणि पॅकेजेस टाकणारं डीएनएफ त्याच्यावर चालतं. त्याला हात लावायचा नाही, सुडो पिप इन्स्टॉल करणाऱ्याचे सुडो राइट्स काढून घ्यायचे, यात लोकशाही नको.

वापरणाऱ्यांना पायथन द्यायचा तर मिनीफोर्ज टाका, ते कोंडा-फोर्जमधून पॅकेजेस घेतं. ॲनाकोंडाचं डिफॉल्ट चॅनेल वापरायच्या आधी त्यांच्या लायसन्सच्या अटी वाचा, मोठ्या संस्थांना तिथे पैसे लागू होऊ शकतात, कोंडा-फोर्जला ती भानगड नाही. कंपाइल करायच्या गोष्टींसाठी, ग्रोमॅक्स, क्वांटम एस्प्रेसो, डब्ल्यूआरएफ, यांना स्पॅक किंवा ईझीबिल्ड ही सोर्समधून बिल्ड करून देणारी साधनं घ्या आणि एलमॉडने मॉड्यूल द्या, म्हणजे लोकांनी मॉड्यूल लोड मारलं की हवं ते व्हर्जन. स्पॅक आणि ईझीबिल्डमध्ये मी स्पॅककडे झुकतो कारण एकट्या माणसाला ते लवकर जमतं, पण ईझीबिल्डचे ठरलेले टूलचेन (कंपाइलर आणि लायब्रऱ्यांचे संच) वर्षानुवर्षं तसेच राहतात, पेपरमध्ये व्हर्जन लिहायला ते सोयीचं. हे सगळं एका एनएफएस फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरच्या नावात ईएल९ लिहा, पुढच्या वेळी ईएल१० चं झाड शेजारी उभं करता येतं आणि दोन्ही काही महिने बरोबर चालतात.

ज्यांना उबुंटूच हवं त्यांना ॲप्टेनरमधून उबुंटूचा कंटेनर (आपल्या लायब्रऱ्यांसकट बंद केलेला डबा) द्या. हेच पूर्वीचं सिंग्युलॅरिटी, २०२१ च्या शेवटी लिनक्स फाउंडेशनमध्ये गेल्यावर नाव बदललं. रूट लागत नाही, जीपीयूसाठी डॅश डॅश एनव्ही दिलं की झालं. खाली अल्मा, वर प्रत्येकाला हवं ते, भांडणं बंद. जुना कोड ज्याचा बापच सोडून गेलाय, तो सेंटओएस ७ च्या कंटेनरमध्ये घाला आणि तसाच चालवा. सायंटिफिक लिनक्स ६ च्या काळातल्या बायनरी असतील तर त्या काही नव्या कर्नलवर सेगफॉल्ट देतात, तेव्हा बूटच्या ओळीत व्हीसिसकॉल बरोबर एम्युलेट असं द्यावं लागतं.

कोड परत कंपाइल करताना

इथे वेळ जातो, त्यामुळे प्लॅनमध्ये धरा. जुना फोरट्रान कोड रेड हॅट ९ च्या कुटुंबावर कंपाइल केलात की जीफोरट्रान आर्ग्युमेंट मिसमॅचच्या एररचा पाऊस पाडतो, कारण जीसीसी १० पासून ती वॉर्निंगची एरर झाली आणि रेड हॅट ९ मध्ये जीसीसी ११ आहे. डॅश-एफअलाव-आर्ग्युमेंट-मिसमॅच हा फ्लॅग द्या, किंवा डॅश-एसटीडी बरोबर लेगसी. सी मध्ये हेडर फाइलमध्ये ग्लोबल व्हेरिएबल ठेवण्याची जुनी सवय असेल तर लिंक करताना मल्टिपल डेफिनिशन येईल, त्याला डॅश-एफकॉमन. १० वर जीसीसी १४ आहे, ते न सांगितलेलं फंक्शन वापरलं की सरळ एरर देतं, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या कॉन्फिगर स्क्रिप्टसुद्धा त्यात गडबडतात, मशीनवर लायब्ररी असून नाही म्हणतात. तिथे डॅश-एसटीडी बरोबर जीएनयू८९ देऊन बघा.

आकडे बदलणार, हे गाईडना आधीच सांगून ठेवा. जीलिबसी २.२८ च्या आसपास एक्स्पोनेन्शियल, लॉग, पॉवर ही फंक्शन नव्याने लिहिली गेली, शिवाय कंपाइलर बदलला, एफएमए (गुणाकार-बेरीज एकत्र करणाऱ्या) सूचना वापरल्या गेल्या, त्यामुळे शेवटचे एक-दोन अंक हलतात. चूक नाही ती. पण केऑटिक सिस्टिम असेल, हवामानाचं मॉडेल किंवा मॉलिक्युलर डायनॅमिक्स, तर तो शेवटचा अंक हजार स्टेपनंतर वेगळीच ट्रॅजेक्टरी देतो. म्हणून जुन्या मशीनवर अजून चालतंय तोवर चार-पाच ठरावीक टेस्ट रन करून आउटपुट जपून ठेवा आणि नव्यावर डिफने नाही तर टॉलरन्स ठरवून तुलना करा, किंवा सरासरी, एनर्जी अशा गोष्टींची करा.

आणखी एक, फारसं कुणी सांगत नाही असं. लॅबमध्ये पोस्टग्रेसचा डेटाबेस असेल, सॅम्पलची नोंद, ऑब्झर्वेशनची यादी काहीही, तर जीलिबसी २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. ७ वरची डेटा डिरेक्टरी उचलून तशीच ९ वर ठेवलीत तर टेक्स्टवरचे इंडेक्स गुपचूप चुकीचे होतात, क्वेरी एरर देत नाही, फक्त असलेली ओळ सापडत नाही. डंप घेऊन परत लोड करा, किंवा निदान री-इंडेक्स करा.

प्रत्यक्ष हलवताना

जागेवर अपग्रेड करायला अल्माचं एलिव्हेट आहे, ७ वरून ८, मग ८ वरून ९, असं पायरी-पायरीने. वर्कस्टेशनला ठीक. क्लस्टरला मी म्हणेन नवं इन्स्टॉल, कॉम्प्युट नोड वेअरवुल्फने किंवा किकस्टार्टने (आपोआप इन्स्टॉल करायची सोय), हेड नोड नव्या डिस्कवर, आणि जुनी डिस्क काढून कपाटात. सगळे यूआयडी-जीआयडी (यूजर आणि ग्रुपचे नंबर) होते तसेच ठेवा, नाहीतर एनएफएसवरच्या फाइलींचे मालक बदलतात. एक नोड आधी हलवा, स्लर्म या जॉब वाटणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं वेगळं पार्टिशन करा, लोकांना महिनाभर त्यावर खेळू द्या, जे कधीच ईमेल वाचत नाहीत ते तेव्हाही वाचणार नाहीत पण बाकीच्यांचे प्रश्न आधी सुटतात.

एनआयएस (सगळ्या मशीनवर एकच लॉगिन चालवायची जुनी पद्धत) वापरत असाल, आणि भारतात अजून बऱ्याच ठिकाणी वापरतात, तर लक्षात घ्या की रेड हॅट ९ मध्ये ते काढून टाकलंय. त्याच कामाचं फ्रीआयपीए उभं करा, आधी तेच, डिस्ट्रो नंतर, दोन्ही एकाच शनिवारी करू नका. एसएसएचचं पण बघा, ९ मध्ये शा-१ या जुन्या पद्धतीच्या डिजिटल सह्या बंद आहेत, जुना स्विच, यूपीएसचं कार्ड किंवा एखादा जुना सर्व्हर कनेक्ट होणार नाही, त्यासाठी क्रिप्टो पॉलिसीमध्ये डिफॉल्टला शा-१ जोडता येतं, पण ते एकाच ॲडमिन मशीनवर करा, सगळीकडे नाही. ईपेल हा जादा पॅकेजेसचा रेपो लागणारच, पण त्यातलं स्लर्म डीएनएफच्या एक्सक्लूडमध्ये टाका, नाहीतर साध्या अपडेटमध्ये स्लर्मचं व्हर्जन उडी मारतं आणि चालू जॉबची वाट लागते. स्लर्म स्वतः बिल्ड करा, आणि अपग्रेडचा क्रम आधी स्लर्मडीबीडी (हिशेबाचा डेटाबेस सांभाळणारा भाग), मग कंट्रोलर, मग नोड. ९ मध्ये सीग्रुप (जॉबला मेमरी-प्रोसेसरची मर्यादा घालणारी कर्नलची सोय) व्ही२ डिफॉल्ट आहे, जुनी सीग्रुपची कॉन्फिग फाइल तशीच चिकटवू नका.

शेवटी ते एक मशीन उरतंच. स्पेक्ट्रोमीटर किंवा जुन्या डेटा कार्डाला जोडलेलं, ज्याचा ड्रायव्हर कंपनीने फक्त ३.१० कर्नलसाठी दिला होता आणि कंपनी आता नाही. कंटेनरचा इथे उपयोग नाही, कारण कंटेनर कर्नल बाहेरचाच वापरतो. यूएसबी डोंगल किंवा साधं सिरियल पोर्ट असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनी सिस्टिम हलवून बघा, पीसीआय कार्ड असेल तर ते मशीन ७ वरच राहू द्या. फक्त बाहेरच्या नेटवर्कची वायर काढा, मधे एक अल्मावालं मशीन ठेवा ज्याला दोन नेटवर्क कार्ड आहेत, आणि डेटा त्यानेच तिकडून ओढून घ्यावा. वायर काढण्याआधी जुन्या मशीनच्या यम रेपोचा (जिथून पॅकेजेस येतात त्या जागेचा) पत्ता व्हॉल्ट डॉट सेंटओएस डॉट ऑर्गवर वळवा, कारण नेहमीची मिरर लिस्ट बंद झालीय. जमलं तर लागणारी आरपीएम आत्ताच लोकल डिस्कवर उतरवून ठेवा, आणि त्या मशीनच्या हार्ड डिस्कची पूर्ण इमेज काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, कारण सॉफ्टवेअरआधी त्याची डिस्कच जाणार आहे.